रविवारी विश्रामबाग वाडा : येणाऱ्यांनी नावं द्या

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी ९ वाजता विश्रामबाग वाडा बघायला जायचं म्हणतोय. फ्लॅट नंबर आणि किती जण ते लिहा. उघडा असल्याची खात्री मी करतो.

ए-१०४: तुळशीबागेत जाताना कायम दिसतो की तो. आत काय बघायचंय? पोरांना शनिवारवाड्यावर न्या, निदान पळायला जागा आहे.

बी-३०२ आजी: अरे, शनिवारवाड्यात आता तट, दरवाजे आणि जोती. आतले महाल १८२८ च्या आगीत गेले. पेशव्यांचा वाडा छपरासकट उभा बघायचा तर इथे यावं.

सी-२०१: आजी +१. आमचे ३.

ए-१०४: पण शनिवारवाडा असताना दुसऱ्या बाजीरावाला वेगळा वाडा हवा कशाला? भुताला घाबरून का? 😄

बी-३०२ आजी: नारायणरावांचा खून १७७३ चा, त्यावरून लोक भुताची गोष्ट सांगतात. मला विचारशील तर हौस जास्त. १८०७ मध्ये बांधला, आणि १८१८ मध्ये पेशवाईच गेली. स्वारी बिठूरला. उणीपुरी दहा-अकरा वर्षं लाभला म्हण.

बी-४०१: वीस हजार चौरस फूट आणि खर्च दोन लाख, असं वाचलंय. म्हणजे फुटाला १० रुपये! सेक्रेटरीसाहेब, आपल्या बिल्डरला फॉरवर्ड करा.

सेक्रेटरी: रिडेव्हलपमेंटचा विषय इथे नको. त्याचा ग्रुप वेगळा आहे.

सी-२०१: आजी, मुलांना नेमकं काय दाखवू? पाच मिनिटांत कंटाळतात हो.

बी-३०२ आजी: आधी बाजीराव रोडच्या पलीकडच्या फुटपाथवर उभी कर. पुढे आलेली लाकडी गॅलरी तिथूनच नीट दिसते. मग आत सुरूचे खांब दाखव. सुरूच्या झाडासारखा खाली फुगीर आणि वर निमुळता होत गेलेला खांब, आणि त्यावर कमान. लाकडात कोरलेली केळफुलं कुठे लपलीत ते पोरांनाच शोधायला सांग. चौकात पोचेपर्यंत कंटाळायची नाहीत.

ए-३०३: सॉरी, पण आपल्याकडे जुन्या वास्तू सरकारी कचेऱ्यांनीच बिघडवल्या. पार्टिशनं, वायरी, वर ऑइलपेंट. इथेही नगरपालिकेची कचेरी होतीच ना?

बी-३०२ आजी: होती, बरीच वर्षं. त्याआधी १८२१ मध्ये इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा काढली, पुढे तिचंच डेक्कन कॉलेज झालं. खाली पोस्ट होतं, मी आर.डी. भरायला जायचे. माझं म्हणणं उलट आहे. माणसं आत-बाहेर करत राहिली म्हणून तो टिकला. कौल फुटला की कुणीतरी ओरडायचं, आणि गळती कधीतरी का होईना निघायची. आपल्या पेठांमधले किती वाडे कुलूप लावल्यावर दोन-चार पावसाळ्यांत बसले, आठवून बघ.

ए-३०३: तरी पार्टिशन म्हणजे वाट लागतेच, आजी.

बी-३०२ आजी: पार्टिशन काढता येतं. कुजलेली तुळई परत येत नाही.

बी-४०१: आग इथेही लागली होती ना?

बी-३०२ आजी: १८७९ च्या मे महिन्यात, लावलेली. बुधवार वाडाही तेव्हाच गेला. इथला जळालेला भाग लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशांतून पुन्हा उभा केला. तेव्हाच्या पुणेकरांनी खिशात हात घातला, हे मला पेशव्यांच्या दोन लाखांपेक्षा मोठं वाटतं.

ए-१०४: पुणेकरांनी वर्गणी दिली?? हेच बघायला येतो. आमचे २ लिहा.

ए-३०३: माझा १. पण आत गेल्यावर पार्टिशनच्या खुणा मी दाखवणार.

बी-३०२ आजी: दाखव की. मीही शोधतेच आहे, पोस्टाची खिडकी नक्की कुठे होती ते.

सेक्रेटरी: ज्यांचे मेंटेनन्सचे पैसे बाकी आहेत त्यांनीही यावं, आणि येताना चेक आणावा 🙏