उघड्यावर ठेवलेल्या होडीसाठी टिकाऊ आच्छादन कोणते निवडावे?

प्रश्न (नवा नौकाधारक, नागपूर)

माझ्याकडे साधारण 14 फूट लांबीची फायबरची होडी आहे. नोव्हेंबरपासून पुढे ती ट्रेलरवर, घराच्या अंगणात उघड्यावरच राहणार आहे, कारण शेड उभारण्याइतकी जागा नाही. दुकानांत चौकशी केली तेव्हा निळी प्लॅस्टिकची ताडपत्री, ट्रकवर टाकतात ती पीव्हीसीची ताडपत्री, जाड सुती कॅनव्हास आणि ॲक्रिलिकचे कापड असे चार पर्याय समोर आले. थंड देशांतील माहितीत सगळा भर बर्फाच्या ओझ्यावर असतो आणि त्याचा आपल्याला काही उपयोग नाही. नागपूरच्या हिवाळ्यात तीन-चार वर्षे टिकेल आणि आतली होडीही चांगली ठेवील, असे आच्छादन कोणते, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (तलावकाठ)

आपल्या हिवाळ्यात कापडाचे नुकसान ऊन करते आणि होडीचे नुकसान दव करते. आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसभर कडक ऊन असते आणि रात्री पारा झपाट्याने उतरतो. डिसेंबर-जानेवारीत दिवसा 28-29 अंश आणि पहाटे 12-13 अंश, कधी त्याहून बरेच कमी, हे येथे नेहमीचेच आहे. रात्री आच्छादनाचा पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि हवाबंद प्लॅस्टिकखाली अडकलेली वाफ त्याच्या आतल्या बाजूला थेंबांच्या रूपाने जमते. हे पाणी होडीतच गळते, दुपारी पुन्हा वाफ होते आणि रात्री पुन्हा थेंब. आसनांवर काळी बुरशी येते ती यामुळेच. इंजिन लावण्याच्या मागच्या फळीत लाकडी प्लाय असेल आणि तिच्या छिद्रांतून ओल आत शिरली, तर ती फळी कुजते, आणि हे नुकसान पुष्कळदा फार उशिरा लक्षात येते.

म्हणून माझे स्पष्ट मत ॲक्रिलिकच्या बाजूने आहे. होड्यांसाठी मिळणाऱ्या चांगल्या ॲक्रिलिक कापडात धागा तयार होण्याआधीच रंग मिसळलेला असतो, त्यामुळे रंग गाभ्यापर्यंत पोहोचतो आणि उन्हात लवकर उडत नाही. हे कापड वाफ बाहेर जाऊ देते आणि पाणी बरेचसे थोपवते. त्याचे वजन सुमारे 300 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 300 ग्रॅम असते. तुमच्या होडीला 15 चौरस मीटर कापड लागेल असे धरले, तर आच्छादन साडेचार किलोच्या आसपास भरेल आणि एकट्या माणसाला घालता-काढता येईल. त्याचा दोष एवढाच की ते घासणीला कच्चे आहे. सुती कॅनव्हासही वाफ सोडतो, परंतु ओला राहिला की कुजतो. निळी पातळ ताडपत्री काही महिन्यांची सोय म्हणूनच घ्यावी, कारण उन्हाने तिचे पट्टे ठिसूळ होऊन तुकडे होडीतच पडू लागतात. प्लॅस्टिकच घ्यायचे झाले, तर अतिनील किरणांना टिकणारे, जाड आणि शक्यतो काळे घ्यावे. त्यातील कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी भुकटी, प्लॅस्टिकला उन्हापासून चांगले राखतो.

उत्तर (वाडीचा वाहतूकदार)

वरील म्हणणे बहुतांशी मान्य आहे, पण पीव्हीसीला इतक्या लवकर बाजूला सारू नये. अमरावती मार्गावर वर्षभर उन्हापावसात धावणाऱ्या ट्रकांवर 600 जीएसएमच्या आसपासची ताडपत्री असते, आणि दोरीचा ताण व फडफड सोसण्यात ॲक्रिलिक तिची बरोबरी करू शकत नाही. विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारपीट होते, हेही ध्यानात घ्यावे. तेवढ्याच मापाचे पीव्हीसीचे आच्छादन मात्र 9 किलोंचे होईल आणि ते वाफ सोडणार नाही. तेव्हा दोन्ही टोकांना पाऊस आत येणार नाही अशी झाकणी असलेले झरोके ठेवूनच ते शिवून घ्यावे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. अंगणात कडुनिंबाचे झाड आहे आणि ट्रेलर त्याच्याच खाली उभा राहील. हे लक्षात घेता ॲक्रिलिककडे माझा कल आहे. शिवताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर (ताडपत्री शिवणारा)

कापडाआधी शिवण उसवते, हा माझ्या कामातला नेहमीचा अनुभव आहे. सुती दोरा कुजतो आणि साधा नायलॉनचा दोरा उन्हाने कमजोर होतो, म्हणून उन्हासाठी बनवलेल्या जाड पॉलिस्टर दोऱ्याचाच आग्रह धरा. जोड दुहेरी दुमडून शिवलेला असावा आणि दुमडीचे तोंड उताराच्या दिशेने ठेवावे, म्हणजे तिच्यात पाणी साचत नाही. आयलेट, म्हणजे दोरी ओवण्याच्या छिद्रांतील कड्या, पितळेचे घ्या. लोखंडी आयलेट गंजतात आणि भोवतालचे कापडही खातात. काठाचे टोक, वल्ह्यांची कडी, काचेचा कोपरा अशा जिथे जिथे कापड टेकते, तिथे आतून जाड कापडाचे ठिगळ हवेच. ॲक्रिलिकची घासणीची अडचण त्याने बरीच कमी होते.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो उतार. होडीच्या मधोमध लांबीच्या दिशेने बांबू किंवा पाइप आडवा बांधा आणि आच्छादन घराच्या छपरासारखे दोन्ही बाजूंना उतरू द्या. एक चौरस मीटरच्या खळग्यात 5 सेंटीमीटर पाणी साचले, तरी 50 किलोंचे ओझे होते आणि ते कोणतेही कापड ताणून टाकते. उतारामुळे निंबाची पाने आणि पक्ष्यांची विष्ठाही पावसाबरोबर वाहून जाते. तरीही ओली पाने साचू देऊ नका, अधूनमधून मऊ ब्रशने झाडत चला. दोऱ्या ट्रेलरच्या चौकटीला ताणून बांधा, कारण सैल कापड वाऱ्याने हलत राहिले, तर त्याच्याखाली अडकलेली धूळ होडीची चकाकी घासून काढते.

झाकण्यापूर्वी होडी आतून पूर्ण कोरडी करा, तळाचे बूच काढून ठेवा आणि पुढचे टोक थोडे उंच करा, म्हणजे चुकून आत आलेले पाणी मागच्या बाजूने निघून जाईल. ॲक्रिलिक धुताना थंड पाणी आणि सौम्य साबण वापरा. तीव्र डिटर्जंटने त्यावरील पाणी थोपवणारा लेप निघून जातो. पाण्याचे थेंब कापडावरून घरंगळण्याऐवजी त्यात मुरू लागले, की जलरोधक फवारा पुन्हा मारून घ्यावा.