नवीन हेलिकॉप्टर सारखं डावीकडे सरकतं, परत करू का?

मिरजकर:
नमस्कार मंडळी. आजवर घरात रिमोटचं खेळण्यातलं कोअ‍ॅक्सिअल हेलिकॉप्टर उडवायचो, एकावर एक दोन रोटरवालं. ते वर नेलं की जागच्या जागी थांबायचं. आता व्ही९११ घेतलंय, चार चॅनल (वर-खाली, पुढे-मागे, डावं-उजवं, वळणं), एकच मुख्य रोटर. जमीन सोडली रे सोडली की डावीकडे पळतं. रिमोटवरच्या बटणांनी बारीक दुरुस्ती, म्हणजे ट्रिम देऊन थोडं कमी झालं, पण जात नाही. पीस खराब आलाय का? दुकानदार बदलून द्यायला तयार आहे. मुलीलाही शिकवायचंय, दहा वर्षांची आहे.

शेपूटपंखा:
बदलू नका हो, पीस चांगला आहे! वरून पाहिलं तर मुख्य रोटर घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, त्यामुळे धड उलट्या दिशेला वळू पाहतं. ते अडवायला मागचा छोटा पंखा शेपटीला डावीकडे रेटतो आणि त्या रेट्याने अख्खं हेलिकॉप्टर डावीकडे सरकतं. तुमच्या जुन्या मॉडेलचे दोन रोटर उलटसुलट फिरायचे, त्यामुळे मागच्या पंख्याच्या रेट्याची गरजच नव्हती. खऱ्या हेलिकॉप्टरचा पायलटसुद्धा हॉवर करताना, म्हणजे हवेत एका जागी थांबताना, स्टिक जरा एका बाजूला धरूनच असतो. मोड २ चा रिमोट असेल (डाव्या स्टिकने वर-खाली, उजवीने पुढे-मागे आणि डावं-उजवं) तर उजवी स्टिक किंचित उजवीकडे धरून ठेवा. बोटांना ते लवकर कळतं.

आणि फार खाली उडवू नका. नवा माणूस भीतीने वीतभर उंचीवर रेंगाळतो, पण रोटरने खाली लोटलेली हवा तिथेच फरशीवर आपटून उसळते आणि हेलिकॉप्टर तिच्यावर घसरत राहतं. एका दमात कमरेइतकं वर न्या, फरक लगेच दिसेल.

शेपूट आपल्याकडे, नाक समोर, एवढंच आधी पक्कं करा. नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, ती घाई नको. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, आपटणार असं वाटलं की थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, शून्यावर. हात आपोआप वर खेचायला जातो. पण ब्लेड सोफ्यात अडकलेली आणि मोटर चालू, यात गिअरचे दात जातात, मोटर जळते. मुलीला पहिला धडा हाच द्या, उडवण्याच्याही आधी. दोघांनी चष्मा घाला.

खान्देशी:
घरात उडवताना छताचा पंखा बंद आहे ना? एवढ्या हलक्या मॉडेलला तेवढा वाराही पुरतो. बाहेर न्यायचं तर अगदी सकाळी, पान हलत नसताना. वजन २५० ग्रॅमच्या आत, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांत ते नॅनो गटात येतं, तरी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरव्या पट्ट्यात, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येतं तिथे, आहे का ते बघून घ्या.

मिरजकर:
पंखा चालूच होता! बंद करून कमरेइतकं वर नेलं, स्टिक उजवीकडे धरली. थांबलं! लेक टाळ्या वाजवतेय. बॅटरी मात्र लगेच संपते, दुसरी घेऊ का?

शेपूटपंखा:
वा! दोन-तीन घ्याच, आलटूनपालटून वापरा. उडवून आल्यावर गार होऊ द्या, मगच चार्जिंगला लावा, आणि लावून झोपू नका. काही दिवस उडवणार नसाल तर ४.२ व्होल्टपर्यंत भरून ठेवू नका, ही लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगते. ३.८ च्या आसपास ठेवा.