परदेशात बिऱ्हाड: मराठवाड्यातून गेलेल्यांनो, रोजचं घर कसं चालतं ते लिहा

परदेशातला माणूस गावी आला की त्याला दोनच गोष्टी विचारतात: पगार किती अन् थंडी किती. लेकरू रात्री तापानं फणफणलं तर कुणाकडं नेता, भाषा येत नसताना ते शाळेत कसं रुळलं, आई-वडिलांचं दुखणं-खुपणं इतक्या लांबून कसं निभावता, ज्वारीचं पीठ कुठून आणता, हे कुणी विचारत नाही. पुण्या-मुंबईच्या घरात हे सांगायला एखादा मावसभाऊ तरी असतो. अहमदपूर, भोकर, मंठा, कळंब इथून पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्या जोडप्याला घरात विचारायला कुणी नसतं. त्यांच्यासाठी हा धागा काढते आहे. मराठवाड्यातून जाऊन परक्या शहरात संसार मांडलेल्या सगळ्यांनी लिहावं. फिरायला कुठं गेलात ते राहू द्या, रोजचं सांगा.

लातूर, सध्या म्युनिक

सुरुवात मीच करते. आमची दोन लेकरं, दोघंही इथल्या सरकारी शाळेत. म्युनिकला येणाऱ्यानं आधी घराची चिंता करावी, बाकीचं नंतर. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. ती नोंद झाल्यावरच कराचा नंबर टपालानं घरी येतो, तोवर बरीच कामं अडून बसतात. तात्पुरतं घर घेताना मालक तो कागद देणार का, हे आधी लेखी विचारून घ्या.

रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच भरायची. भारतातलं गाडीचं लायसन सहा महिनेच चालतं, पुढं लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. शाळेचं मात्र नीट समजून घ्या. बव्हेरियात चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियमचा, म्हणजे पुढं विद्यापीठाकडं नेणाऱ्या शाळेचा, रस्ता सरळ मिळतो (इथं १ म्हणजे सर्वांत चांगली श्रेणी). नऊ-दहा वर्षांच्या लेकराच्या बाबतीत हे ठरतं, आणि मला ते आजही पटलेलं नाही. म्हणून पहिलीपासूनच शिक्षकांना भेटत राहा. भाषा कच्ची आहे म्हणून लाजून मागं राहू नका.

पाण्याचं सांगते. इथल्या नळाला आल्प्सच्या पायथ्याच्या मांगफाल खोऱ्यातलं पाणी येतं. दिवसरात्र येतं आणि तसंच पितात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा आम्ही दोघं तिथंच होतो. सासूबाई इकडं आल्या की रात्री ओट्यावरची पातेली भरून झाकून ठेवतात. मी त्यांना कधी अडवत नाही. सकाळी त्याच पाण्याचा चहा करते.

परभणी, सध्या आमस्टेलवीन

मी बाळंतपणाचं लिहिते, कारण नेदरलँड्समध्ये दिवस राहिलेल्या मराठी पोरी याच काळजीनं अर्ध्या होतात. माझ्या आईचा व्हिसा वेळेत झाला नाही. सासूबाईंना गुडघ्यामुळं प्रवास झेपणारा नव्हता. परक्या मुलखात पहिलंच बाळंतपण, आणि घरात बाईमाणूस नाही.

इथं क्रामझोर्ख नावाची सोय आहे. बाळंतिणीच्या घरी पहिले आठ-दहा दिवस एक प्रशिक्षित बाई येते. विम्यात बराचसा खर्च बसतो, तासाला थोडे पैसे आपल्याला भरावे लागतात. नाव मात्र गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच नोंदवावं लागतं. पलंग उंच हवा असा त्यांचा नियम आहे, वाकून वाकून त्या बाईची कंबर जाऊ नये म्हणून. आमचा पलंग बुटका, मग पायांखाली ठोकळे लावून तो उचलला. त्या येत, बाळाचा ताप बघत, वजन करत, माझे टाके तपासत, न्हाणीघर धुऊन काढत आणि सगळं एका वहीत लिहून ठेवत. बाळाला अंगावर कसं धरायचं ते त्यांनी माझ्यापाशी बसून शिकवलं. बाळाच्या अंथरुणात गरम पाण्याची धातूची बाटली कापडात गुंडाळून ठेवत, तिचं तोंड बाळाकडं येणार नाही हे दर वेळी बघत.

बाळ झालं की इथं पाहुण्यांना कुरकुरीत टोस्टवर लोणी लावून वर साखरेत घोळवलेली बडीशेप देतात. ती बाळंतिणीच्या दुधाला चांगली असते असं त्यांच्याकडची जुनी माणसं मानत. मी तिथून व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं, तर आई म्हणाली, "अगं माय, आपण बाळंतशोपा देतोच की!" ती लगेच निवांत झाली. दूर देशी लेक बरी आहे, हे तिला माझ्या शब्दांपेक्षा त्या बडीशेपेनं पटलं. पाचवीला आईनं फोनवरून पूजा सांगितली. पाटावर काय मांडायचं ते ह्यांनी मांडलं आणि तेवढा वेळ बाळ त्या बाईंच्या मांडीवर होतं.

ताप-खोकल्याला इथला डॉक्टर बहुतेकदा पॅरासिटामॉल आणि आराम एवढंच सांगतो. पहिल्यांदा जीव वरखाली होतो. पण श्वासाची लक्षणं, लघवी कमी होणं, सुस्ती यातलं काही दिसलं तर फोनवर ते नेमकं सांगा, मग लगेच बोलावतात.

नांदेड, सध्या सिंगापूर

आमच्याकडं सगळं सोपं आहे: किराणा, मंदिरं, स्वच्छता, दिवाळीची सुट्टीसुद्धा. फक्त दोन गोष्टी सांगतो. इथल्या शाळेत मातृभाषा हा विषय असतो, पण भारतीय भाषांत तमिळ, हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती, उर्दू आहेत, मराठी नाही. आमची मुलं हिंदी शिकतात, मराठी घरीच. दुसरं म्हणजे, कायम रहिवासाचा (पीआर) अर्ज करताना मुलगा असेल तर आधी बसून बोला. आई-बापांच्या अर्जावर पीआर झालेल्या मुलाला अठराव्या वर्षी दोन वर्षं लष्करी सेवा असते. आमचा मोठा आता सोळाचा आहे. तो जायला तयार आहे, त्याच्या आईची तयारी अजून व्हायची आहे.

छत्रपती संभाजीनगर, सध्या शारजा

मी दुबईत नोकरी करतो आणि घर शारजात आहे, कारण भाडं परवडतं. त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. सकाळी दुबईकडं आणि संध्याकाळी उलट, गाड्यांची रांग हलत नाही. २०२२ पासून शारजात शुक्रवार ते रविवार सुट्टी असते, दुबईत शुक्रवारी अर्धा दिवस काम. म्हणजे मुलं घरी आणि मी ऑफिसात. जुम्म्याची नमाज दुबईतच पढतो आणि मग घरी येतो. त्या दिवशी बायको खलिया करते. नानसाठी आपल्या शहरासारखी भट्टी नाही, पण इथल्या इराणी बेकरीची रोटी त्याच्याबरोबर चांगली लागते.

येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. इथं घरच्यांचा व्हिसा माझ्या व्हिसावर आणि माझा व्हिसा नोकरीवर. नोकरी सुटली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर मुलांच्या शाळेचं वर्ष मध्येच सोडून सगळ्यांनी गाशा गुंडाळायचा. आमच्या इमारतीतल्या दोन कुटुंबांवर ही वेळ आली. शाळेची फी आणि परतीची तिकिटं एवढे पैसे बाजूला ठेवल्याशिवाय मी दुसरा कुठलाही खर्च करत नाही.

अब्बा गेले तेव्हा जनाज्याला पोचता आलं नाही. आपल्या शहराला इथून थेट विमान नाही, मुंबईला उतरून पुढं जाईपर्यंत दफनविधी झाला होता. शेजारचे काका, ज्यांच्या अंगणात मी लहानाचा मोठा झालो, ते अब्बांच्या खाटेपाशी रात्रभर बसले होते. गावाकडं असा एक माणूस ज्याला आहे, त्याला दर आठवड्याला फोन करा. कामासाठी नको, सहज करा.

उमरगा तालुका, सध्या तोक्यो

आम्ही निशी-कासाईला राहतो. एदोगावा वॉर्डातल्या या भागात भारतीय घरं बरीच आहेत, त्यामुळं डाळ-मसाला चालत जाऊन आणता येतो. शाळेत जेवण मिळतं, महिन्याचा तक्ता आधी घरी येतो. डुकराचं मांस असलेल्या दिवशी डबा द्यायचं आम्ही शिक्षकांशी बोलून ठरवलं आहे. पहिलीतली पोरं इथं चालत शाळेत जातात, आई-बाप पोचवायला जात नाहीत. मला त्याची सवय व्हायला वर्ष गेलं.

पण मला लिहायचं आहे ते भूकंपाचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी लहान होते. गणपती बोळवून माणसं झोपली होती आणि चारच्या सुमाराला घरं बसली. आमच्याकडच्या भिंती दगड-मातीच्या, हात-दीड हात रुंद, वर मातीचं जड धाबं. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत जवळपास दहा हजार माणसं गेली. आमच्या घरातली दोन. त्यानंतर कितीतरी वर्षं आई पाऊस नसेल तेव्हा अंगणातच झोपायची.

असं असताना जावयाची बदली तोक्योला झाली हे तिला सांगायचं कसं, हाच आमच्यापुढं प्रश्न होता. घर शोधताना मी एकच अट घातली: इमारत १९८१ नंतरच्या भूकंप नियमांप्रमाणं बांधलेली हवी. घराच्या कागदात बांधकामाचं वर्ष असतं, दलालाला विचारलं की लगेच दाखवतो. कपाटं भिंतीला पट्ट्यांनी बांधली. दाराशी एक पिशवी कायम भरलेली असते: पाणी, विजेरी, शिट्टी, औषधं, सुकी बिस्किटं, पासपोर्टच्या प्रती. १ सप्टेंबरला इथं देशभर सराव होतो, १९२३ च्या मोठ्या भूकंपाच्या आठवणीचा तो दिवस. त्या दिवशी पिशवीतलं पाणी आणि खाणं आम्ही बदलतो.

आई आली. पंधराएक दिवसांनी रात्री सगळ्यांचे फोन एकदम वाजले आणि मग घर हललं. आई खाटेवर उठून बसली होती, तोंडातून शब्द नाही. माझी लेक तिसरीत, शाळेत महिन्या-दोन महिन्यांनी हाच सराव करणारी. ती पळत आली आणि "आज्जी, टेबलाखाली चल, डोकं झाक" म्हणत तिला घेऊनच गेली. एरवी खुर्चीवर गादीसारखी घालतात आणि भूकंपात डोक्यावर घेतात ती जाड टोपडी तिनं आज्जीच्या डोक्यावर घातली आणि स्वतः दोन्ही हातांनी टेबलाचा पाय धरून बसली. हलणं थांबलं. टीव्हीवर तीव्रता आली, तीन. इथल्या हिशोबानं किरकोळ. कपाटातली एक वाटीसुद्धा पडली नव्हती.

आई बराच वेळ भिंतीला हात लावून उभी होती. मग म्हणाली, "घरं अशी बांधता येतात तर." दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडून पिशवीतल्या वस्तूंची यादी लिहून घेतली. गावी भावाच्या नव्या खोल्यांचं काम चालू होतं. परत गेल्यावर ती मिस्त्रीपाशी उभी राहिली आणि दारं-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना सलग काँक्रीटचा पट्टा घेतल्याशिवाय तिनं पुढचं काम होऊ दिलं नाही.

निलंगा, लेकीचं घर मेलबर्न

मी निवृत्त शिक्षक. आई-बापांची बाजू कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. लेकीनं बोलावलं की जावं, पण विमा उतरवल्याशिवाय जाऊ नये, आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्याव्यात. पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याचा हिशोब करूनच तिकीट काढावं. मुलं कामाला गेली की दिवस लांब होतो. मी रोज सकाळी बागेत जाऊ लागलो, तिथं पंजाबी, ग्रीक, चिनी असे आमच्या वयाचे लोक बसतात. भाषा अर्धीमुर्धी, पण बसणं होतं.

वेळा अमावस्येला, म्हणजे आपल्याकडं शेतात पूजा करून तिथंच जेवायच्या सणाला, जावयानं सुट्टी घेतली. तिथं डिसेंबरात कडक उन्हाळा. कडब्याची कोप कुठली, शेत कुठलं! लेकीनं बर्फातले वाटाणे, तुरीचे दाणे, हरभरे घालून भज्जी केली, आंबील केलं, आणि मागच्या अंगणात पाच दगड मांडून मी पूजा केली. नातवानं "हे पाच कोण?" म्हणून विचारलं. पांडवांची गोष्ट त्याला सांगत बसलो ती जेवणं थंड होईपर्यंत.

हिंगोली, सध्या स्टुटगार्ट

वरचं सगळं वाचलं. मी गावी बी.एड. करून शाळेत शिकवत होते. नवऱ्याचं ब्लू कार्ड (उच्चशिक्षित नोकरदारांचा रहिवास परवाना) आहे, त्यामुळं मलाही कामाची पूर्ण परवानगी आहे, पण जर्मनशिवाय शिकवण्याचं काम मिळत नाही. नवरा सातला जातो. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारला दिवे लावायचे आणि दिवसभर कुणाशी शब्द नाही. इथल्या इमारतींत जिने झाडायची पाळी असते, केरवोखं म्हणतात. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी येते. आमच्या दारावर पाटी आली तेव्हा समोरच्या आजींनी मला कोपरे कसे पुसायचे ते दाखवलं, आणि त्या जिन्यावरच माझं पहिलं जर्मन बोलणं झालं. आता दर आठवड्याला त्यांच्याकडं चहाला जाते, त्या माझी वाक्यं दुरुस्त करतात. लोकांशी ओळख कशी होते असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगेन की इमारतीची कामं टाळू नका.

जर्मन भाषेच्या परीक्षेची बी-वन पातळी झाली, आता पुढच्या बी-टूची तयारी करते आहे. स्टुटगार्टात आणखी कुणी ही परीक्षा देत असेल तर इथं लिहा. शनिवारी शहर वाचनालयात एकत्र बसून बोलण्याचा सराव करू. लेकरांना घेऊन आलात तरी चालेल, मुलांचा विभाग मोठा आहे.