कबड्डी लीगच्या निवडीत पहिला नंबर आमचा आलाय, उंच रेडर उचलू का नंबर बदलून घेऊ?

पलूसचा_कोपरा:
भावांनो जरा सल्ला पाहिजे, लांबलचक लिहितोय पण पूर्ण वाचा. आमच्या भागातल्या आठ मंडळांची कबड्डी लीग हाय, मॅटवर, दिवाळी झाली की. आधी लिलाव व्हायचा, पण ज्याच्या मागं प्लॉटिंगवाला तो सगळी भारी पोरं घेऊन जायचा आणि बाकीच्यांच्या मॅच हाफटाइमलाच संपायच्या, म्हणून यंदा सगळ्यांनी बसून ठरवलं की पैसा बंद. अमेरिकेत एनएफएलवाले (तिकडच्या फुटबॉलची मोठी लीग) कॉलेजची पोरं जशी ड्राफ्टनं, म्हणजे पाळीपाळीनं एकेक निवडून, घेतात तसं करायचं, मागच्या साली जो शेवटचा आला त्याची निवड पहिली. शेवटचे आम्हीच होतो. फरक एवढाच की तिकडं ३२ टीम आणि ७ फेऱ्या, प्रत्येक फेरीत क्रम तोच, आपल्याकडं दर फेरीला क्रम उलटा फिरतो, म्हणजे १ नंबरला एक गडी घेतला की आम्ही थेट १६ आणि १७ ला.

आता अडचण सांगतो. एक पोरगं हाय, सहा फूट उंच, चाचणीला ३० मीटर सगळ्यात कमी वेळात पळालं, हात असला लांब की मध्य रेषेवर उभं राहून कोपऱ्याला शिवल असं वाटतं. सगळी म्हणतात डोळे झाकून घ्या. पण आमच्याकडं रेडर दोन हायत बरे, आम्ही मार खातोय तो डिफेन्समध्ये. तासगावकडचा एक लेफ्ट कॉर्नर हाय, म्हणजे डाव्या कोपऱ्यात पकड करणारा, साडेपाच फुटाचा, त्याचं नाव कुणाच्या तोंडात नाही पण मी दोन मॅच बघितल्या, घोटा धरला की सोडत नाही.

त्यात ४ नंबरवाल्या मंडळाचा निरोप आलाय, तुमचा १ आणि १६ आम्हाला द्या, आमचा ४ आणि १३ तुम्ही घ्या. नियमात बसतं. आमची कार्यकर्ती पोरं म्हणतात पहिला नंबर सोडला तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. निवड मी करायची हाय आणि मला रात्रीची झोप नाही. काय करू?

कराडी_गडी:
उंचवाला घे. विषय कट. असला नंबर परत येत नाही, आणि यावा असं वाटत असंल तर परत शेवटचं यावं लागंल. २०१७ च्या ड्राफ्टला कॅन्सस सिटी चीफ्सची निवड होती २७ वी, ती पुढच्या निवडी देऊन १० व्या नंबरला आली आणि पॅट्रिक माहोम्सला घेतलं, त्यांच्याकडं त्याच जागेवरचा चालू क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य गडी) असताना. लोक म्हणायचे हा अंगावर आलं की कसापण चेंडू फेकतो, कच्चा हाय. आज बघा. आपल्याकडंच सिद्धार्थ देसाई घ्या, चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचं पोरगं, २०१८ ला यू मुंबानं ३६.४ लाखाला घेतलं, पुढच्याच सीझनला तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाख मोजले. ताकद आणि उंची शिकवता येत नाही भावा, बाकी सगळं शिकवता येतं.

विटेकर_डॅलस:
मी मूळचा विट्याचा, कामानिमित्त आठ वर्षं झाली डॅलसला हाय. इथं ड्राफ्ट म्हणजे एप्रिलमधली जत्राच असते. कराडच्या भावाचं माहोम्सचं बरोबर हाय, पण त्याच ड्राफ्टला शिकागो बेअर्स ३ वरनं २ वर आले, नुसत्या एका नंबरसाठी जादा निवडी मोजल्या आणि घेतला मिच ट्रुबिस्की, तो काही चालला नाही. म्हणजे वर जाणं चूक का बरोबर हे गडी ओळखण्यावर हाय.

सगळ्यात मोठं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या टीमचं. २०२१ ला त्यांनी आपली १२ वी निवड आणि पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी देऊन ३ रा नंबर घेतला, ट्रे लान्ससाठी. उंच, पळणारा, हात तगडा, पण कॉलेजात पूर्ण मोसम असा एकच खेळलेला. दोन वर्षांनी इथं डॅलसला आला, चौथ्या फेरीच्या एका निवडीवर. आणि त्याच टीमनं २०२२ ला २६२ व्या नंबरला, म्हणजे अख्ख्या ड्राफ्टमध्ये शेवटी, ब्रॉक पर्डी घेतला. त्याला बघून कुणी मान वळवली नसती. पण पोरगं आयोवा स्टेटकडनं चार वर्षं मॅचवर मॅच खेळलेलं, दोन वर्षांत टीमला सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या फायनलपर्यंत, घेऊन गेलं.

तुमच्या ३० मीटरसारखीच इथं ४० यार्डांची पळणी असते, इंडियानापोलिसला कंबाइन म्हणून पोरांची चाचणी भरते त्यात. जॉन रॉस २०१७ ला ४.२२ सेकंदात पळाला, सिनसिनाटीनं ९ व्या नंबरला घेतला, काही जमलं नाही. टॉम ब्रेडीला ५.२८ लागले, २००० साली १९९ वा गेला, पुढचं सांगायला नको. एमिट स्मिथला स्काउट हळू आणि बुटका म्हणायचे, इथल्या डॅलस काऊबॉयजनी १९९० ला १७ व्या नंबरला घेतला आणि त्यानं चेंडू घेऊन पळत १८,३५५ यार्ड काढले, तो विक्रम अजून मोडला नाही.

आता तुमच्या सौद्याचं. जिमी जॉन्सन काऊबॉयजचा कोच असताना त्यांनी निवडींचा एक भावफलक बनवला, १ नंबरला ३००० गुण, ४ ला १८००, १३ ला ११५०, १६ ला १०००. तो ३२ टीमांचा हाय, तुमच्या आठ मंडळांना तसाच लागू होत नाही, पण अंदाज येतो. तुम्ही वरनं १२०० देताय आणि खालनं १५० घेताय. हा सौदा नाही, लुबाडणूक हाय. उतरायचं असंल तर त्यांचा तिसऱ्या फेरीतला २० पण मागा, बदल्यात तुमचा ३२ द्या. म्हणजे तुमच्याकडं ४, १३, १७, २०. वीस जणांत चार गडी.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगतो. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोघांनी अभ्यास करून दाखवलंय की वरच्या निवडी महाग पडतात, थेलरला २०१७ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तोच. पण त्यात मोठा भाग पगाराचा हाय, वरच्या पोराला पैसे जास्त द्यावे लागतात. तुमच्या लीगमध्ये पैसाच नाही, म्हणून तो मुद्दा तुम्हाला अर्धाच लागू. दुसरा अर्धा असा की एकाच जागेवरच्या दोन पोरांत आधी घेतलेला पुढं सरस ठरंल याची खात्री नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरी असते. आपल्याला वाटतं आपण ओळखलं, तेवढं ओळखलेलं नसतं.

मातीतला_मास्तर:
पंचवीस वर्षं पोरं शिकवतोय, वाळवा तालुक्यात. अमेरिकेचं मला कळत नाही, रेडर कळतो. त्या पोराच्या मॅचचे व्हिडिओ कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असतीलच, ते गोळा करा आणि वही घेऊन बसा. एकूण गुण लिहू नका. समोर सहा-सात गडी असताना किती चढाया आणि त्यात स्पर्शाचे गुण किती, बोनसचे किती, हे वेगळं लिहा. समोर तीन किंवा कमी असतानाचं वेगळं. आणि तिसऱ्या चढाईचं, म्हणजे दोन रिकाम्या गेल्यावर गुण काढायचाच असतो त्या वेळचं, सगळ्यात वेगळं. लांब हाताची पोरं मोडक्या डिफेन्सवर ढीग गुण काढतात, आणि भरलेल्या डिफेन्ससमोर बोनस शिवून माघारी येतात. समोरची टीम कोणती होती तेपण लिहा.

एकदा पकडला गेल्यावर पुढच्या चढाईला तो कसा आत जातो ते बघा. तिथं गडी कळतो.

कोपऱ्याचं उलटं असतं. त्याचे गुण मोजून काय कळत नाही, कारण चांगल्या कोपऱ्याकडं रेडर जातच नाही. तो घाई करून आधी झेपावतोय का, शेजारचा कव्हर (कोपऱ्याच्या आतल्या बाजूचा गडी) येईपर्यंत घोटा धरून ठेवतोय का, हे बघायचं. आणि त्याचा गुडघा डोळ्यानं बघून या, दोन्ही पायांवर उठबस करायला लावा. मोठ्या लीगमध्येपण गुडघा सगळं फिरवतो, २०२२ ला तमिळ थलाइवाजनी पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखाला घेतला आणि पहिल्याच मॅचला गुडघा जाऊन तो सीझनभर बाहेर. तरी ती टीम सेमीफायनलला गेली, कारण बाकीची पोरं चांगली निवडली होती.

पलूसचा_कोपरा:
मास्तर, तुम्ही सांगितलं तसं केलं. सहा दिवस लागले, नऊ मॅचचे व्हिडिओ मिळाले. उंच पोराच्या भरलेल्या डिफेन्सवर ७४ चढाया, स्पर्शाचे गुण ११, बाकी बोनस नाहीतर रिकाम्या. तिसऱ्या चढाईला १३ वेळा गेला, ८ वेळा पकडला. पण समोर तीन उरले की वाघ. पकडल्यावर पुढची चढाई तो दुसऱ्याला देतोय, हे चार मॅचमध्ये दिसलं आणि मला ते लई लागलं. पोरगं १९ वर्षाचं हाय, वाईट नाही, पण आमच्या मोडक्या टीमला आत्ता उपयोगी नाही.

तासगावच्याकडं काल जाऊन आलो. सकाळी रानात पाणी पाजून मग सराव. उठबस दोन्ही पायांवर सारखी, मागं डावा अंगठा मोडला होता तो आपण होऊन दाखवला, मी विचारलंपण नव्हतं.

४ नंबरवाल्यांना सांगितलं २० पण द्या आणि आमचा ३२ घ्या, दोन दिवस हो-नाही करून आज हो म्हणाले. गावात पोरं नाराज हायत, दोघं बोलत नाहीत. आता भीती एवढीच की ४ च्या आधी कुणी कॉर्नर उचलला तर?

मातीतला_मास्तर:
२ आणि ३ नंबरच्या मंडळांकडं मागच्या साली कोपऱ्यात कोण होतं ते बघा. त्यांच्याकडं चांगले कोपरे असतील तर निवांत राहा. नसतील तर एक उजवा कोपरा आणि एक कव्हर आत्ताच हेरून ठेवा, त्यांच्यापण वह्या भरा. आणि निवडीच्या दिवसापर्यंत तासगावला परत जाऊ नका, तुमची गाडी तिथं दिसली की सगळ्यांना कळंल.