काळ्या भारी जमिनीत टरबुजाला मल्चिंग: मायक्रॉन, रोल, बेड याचं गणित सांगा

आर्वी_काळीमाती

नमस्कार मंडळी. आर्वी तालुका, दीड एकर, काळी भारी जमीन. सोयाबीन निघालं, नांगरटी झाली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात टरबूज लावायचं आहे. ठिबक आहे: 16 एमएमची इनलाइन नळी, 40 सेंमीवर ड्रीपर, ताशी 4 लिटर. एका बेडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 6 फूट ठेवणार.

बेडवर अंथरायचा मल्चिंगचा प्लास्टिक पेपर (एक बाजू काळी, एक चंदेरी) 4 फुटी, 400 मीटरचा रोल मिळतो आहे. दुकानदार जाडी 25 मायक्रॉन म्हणतो, पण रोल हाताला हलका लागतो. किती रोल लागतील? बेड माथ्यावर 3 फूट रुंद केला तर चालेल का? थंडी आहे म्हणून काळी बाजू वर ठेवा असं दोघं सांगतात, ते बरोबर आहे का? वावराच्या खालच्या कोपऱ्यात मोथा (लव्हाळा) आहे, तो पेपरखाली दबेल का? आणि टरबूज निघाल्यावर त्याच पेपरवर मिरची घेता येईल का?

बेडमेकर_यवतमाळ

भाऊ, आधी रोल काट्यावर ठेवा. लांबी मीटरमध्ये, रुंदी मीटरमध्ये, मायक्रॉन आणि 0.92 (प्लास्टिकची घनता) यांचा गुणाकार करून 1000 ने भागा, किलोत वजन येतं. 400 × 1.2 × 25 चा रोल 11 किलोचा भरला पाहिजे, 30 मायक्रॉनचा सव्वातेरा. मधली पुठ्ठ्याची नळी यात धरू नका. 9 किलो भरला तर तो 20 मायक्रॉनचाच पेपर आहे, छापलेलं काहीही असो. नाहीतर लांबी कमी आहे. सोयाबीनचं वावर आहे, धसकटं मऊ असतात, म्हणून एका पिकाला 25 पुरतो. पऱ्हाटीचं (कपाशीचं) वावर असतं तर 30 च सांगितला असता, कारण पऱ्हाटीचे खुंट पेपर खालून फाडतात. पण मिरचीही त्याच पेपरवर घ्यायची असेल तर 30 घ्या.

एकराला 43,560 चौरस फूट. 6 फुटांवर बेड म्हणजे एकरी 7,260 फूट, दीड एकराला 10,890 फूट, म्हणजे जवळपास 3,320 मीटर. आठ रोल संपून 120 मीटर कमी पडतो. शिवाय प्रत्येक बेडच्या दोन्ही टोकांना मीटरभर पेपर मातीत गाडावा लागतो. नऊ रोल घ्या.

3 फुटी माथा 4 फुटी पेपरला बसणार नाही. पेपर 120 सेंमी. माथा 60, दोन्ही बाजूंचे उतार 20-20, झाले 100. उरले 20, म्हणजे एका बाजूला 10 सेंमी मातीत दाबायला. यापेक्षा कमी दाबला की मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात कडा सुटते, आणि एक कडा सुटली की वारा आत शिरून अख्खा बेड उघडा पाडतो. माथा 2 फूट, उंची 8 इंच, यापुढे जाऊ नका.

लव्हाळा_नको

वरची बाजू चंदेरीच ठेवा. काळी वर ठेवली तर माती लवकर तापते हे खरं, पण त्याचा फायदा पहिल्या पंधरा-वीस दिवसांपुरता. नंतर मार्च लागतो, आपल्याकडे पारा चाळिशीकडे जातो आणि तोच काळा पेपर मुळं भाजतो. शिवाय चंदेरी बाजूवरून उजेड पानांच्या खालून परततो, त्यामुळे मावा, फुलकिडे, पांढरी माशी कमी बसतात. टरबुजावरचे बरेच विषाणूजन्य रोग याच किडी आणतात. थंडीसाठी पेपर उलटा करण्यापेक्षा 12 ते 15 दिवसांची ट्रेमधली रोपं लावा आणि वर क्रॉप कव्हर (रोपं झाकायचं पातळ कापड) टाका. मादी फुलं दिसू लागली की कव्हर काढा, नाहीतर मधमाशी आत जाणार नाही आणि फळधारणा होणार नाही.

मोथा दबत नाही. बाकी तण उजेडावाचून मरतं, पण मोथ्याचा कोंब सुईसारखा टोकदार असतो, तो 25 काय, 30 मायक्रॉनही टोचून वर येतो. त्या कोपऱ्यात रोटाव्हेटर मुळीच फिरवू नका. जमिनीतल्या गाठी तुटून विखुरतात आणि पुढच्या वर्षी मोथा चौपट दिसतो. वखराने उकरून गाठी वेचा आणि यंदा तेवढा तुकडा पेपरवाचून ठेवा.

ठिबक_अंजनगाव

मायक्रॉनवर सगळे बोलतात, पण भारी जमिनीत नुकसान ओलीने होतं. पेपर टाकला की बाष्पीभवन जवळजवळ बंद. उघड्या रानातल्या सवयीने रोज ठिबक सोडलं तर काळी माती आतून चिखल होते, मुळांना हवा मिळत नाही, मर लागते. वेल दुपारी सुकलेला दिसतो म्हणून माणूस आणखी पाणी सोडतो, तिथेच काम बिघडतं. आधी भोकात बोट घालून चार इंचांवरची माती काढा आणि मुठीत दाबा. गोळा होऊन तळहात ओला झाला तर पाणी नको. गोळा झाला पण बोटाने दाबताच फुटला तर वाफसा आहे. गोळाच झाला नाही तर पाणी द्या.

बेड करताना माती भुरभुरीत हवी. ढेकळं राहिली तर पेपर मातीला चिकटत नाही, मधल्या पोकळीतली हवा दुपारी तापते आणि भोकातून थेट खोडावर निघते. उन्हाळ्यात रोपं गळ्याशी भाजतात ती यामुळे. लावण झाली की भोक मातीने बुजवा, खोड पेपरला टेकू देऊ नका.

शेणखत पूर्ण कुजलेलंच बेडमध्ये टाका. अर्धवट कुजलेलं पेपरखाली तापतं आणि हुमणीही त्यातच वाढते.

नळी बेडच्या मधोमध, ड्रीपरची भोकं वरच्या बाजूला, दर 10-12 फुटांवर तारेचा यू-पिन. उन्हात नळी लांबते, साप चालल्यासारखी वळते. पिन नसेल तर कुठे गेली ते पेपरखाली कळत नाही. पेपर टाकण्याआधी शेवटची टोकं उघडून नळ्या धुवा, मग पाणी चालवून प्रत्येक ड्रीपर डोळ्यांनी पाहा. नंतर बंद ड्रीपर दिसत नाही, रोप सुकतं तेव्हा कळतं.

आर्वी_काळीमाती

मोठी मदत झाली. दोन गोष्टी राहिल्या. पेपर आधी टाकून भोकं पाडायची की भोकं पाडलेलाच आणायचा? आणि आमच्याकडे बेडमेकर अडीच फुटी माथ्याचाच मिळतो.

बेडमेकर_यवतमाळ

अडीच फुटाचा माथा म्हणजे 75 सेंमी. त्यावर 20-20 चे उतार धरले तर दाबायला एका बाजूला अडीच सेंमीच उरतात, ते काही कामाचं नाही. बेडमेकरच्या दोन्ही फाळांमधलं अंतर बोल्टवर कमी होतं, चालकाला आधीच सांगून 2 फुटांवर बसवून घ्या. नाहीच जमलं तर 5 फुटी पेपर शोधा.

भोकं पाडलेला पेपर घेऊ नका, त्याचं अंतर तुमच्या ड्रीपरशी जुळेलच असं नाही. पेपर सकाळी ऊन थोडं वर आल्यावर, वारा पडलेला असताना टाका. सुरकुती नको, पण ताणूही नका: भर दुपारी ताणून बसवलेला पेपर रात्री आकसतो आणि कडेने फाटतो. भोकं अडीच-तीन इंची लोखंडी पाइप तापवून पाडा. कडा वितळून गोल होते, पुढे फाटत नाही. ब्लेडने फुलीसारखा काप दिला तर कोपऱ्यांतून चीर वाढत जाते. गरम पाइप नळीवर टेकला तर नळी गेली, म्हणून भोक मधल्या रेषेपासून 4 इंच बाजूला. 40 सेंमीवर भोकं धरली तर एकरी साडेपाच हजार रोपं बसतात. भारी मातीत ड्रीपरची ओल एकमेकांना भिडते, त्यामुळे रोप अगदी ड्रीपरसमोरच हवं असं नाही.

मिरची_भिवापूर

मिरचीबद्दल. होते, पण वेल उपटू नका. मुळासकट ओढला की भोक फाटतं आणि माती वर येते. जमिनीलगत कापा आणि मुळं आत कुजू द्या. मिरची चालेल, पण काकडी, दोडका, कारलं त्या बेडवर नको, मर आणि फळमाशी तीच पुढे चालते. बेसल डोस (लावणीआधी बेडमध्ये दिलेलं खत) टरबुजाने खाल्लेला असतो, तेव्हा मिरचीचं खत ठिबकातूनच द्यावं लागेल. आणि पावसाळ्यात सऱ्यांचं पाणी धुऱ्यापर्यंत निघून गेलंच पाहिजे, भारी जमिनीत सरीत दोन दिवस पाणी साचलं तर बेडही वाचत नाही. रोही (नीलगाय) किंवा रानडुकरं शिरून पेपर जागोजागी फाटला असेल तर मिरचीचा नाद सोडा, काढून टाका.

अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर आधी अर्ज करा, पूर्वसंमती आल्यावरच खरेदी करा. आधीचं बिल धरत नाहीत.

काढायचं काम मात्र आत्ताच डोक्यात ठेवा. नऊ रोल म्हणजे 25 मायक्रॉनचं जवळपास 100 किलो प्लास्टिक तुमच्या दीड एकरात आहे. वाळल्या काळ्या मातीतून पेपर ओढला की चिंध्या होतात. आदल्या दिवशी हलकं पाणी द्या, एका बाजूची कड फावड्याने मोकळी करा, मग दोघांनी काठीवर गुंडाळत न्या. नळी त्याआधीच काढून घ्या. रोटाव्हेटर फिरवला तर तुकडे वर्षानुवर्षं मातीत राहतात, पाणी मुरू देत नाहीत, धुऱ्यावर चरणारी गुरं खातात. जाळूही नका. माती झटकून, उन्हात वाळवून बांधा, चिखल लागलेला पेपर भंगारवाला उचलत नाही.