मदत हवी आहे: सॉफ्टवेअरमधला दोष चारचौघांना सांगितला तर कायदा पाठीशी राहतो का?

मंडळी, कायद्यातलं कळणाऱ्यांनी जरा सविस्तर सांगा.

मी कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डातल्या काही गूळ अडत्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. बऱ्याच जणांकडे एकच बिलिंग सॉफ्टवेअर आहे (नाव मुद्दाम लिहीत नाही). त्यातून शेतकऱ्याच्या मोबाईलवर पट्टीची (विकलेल्या मालाच्या हिशोबाची) लिंक जाते. लिंकच्या शेवटी पट्टीचा नंबर असतो. तो एकाने वाढवला की दुसऱ्याच कुणाची पट्टी उघडते. नाव, गुळाचे रवे, दर, हमाली, तोलाई, बँक खातं, सगळं समोर. पासवर्ड नाही, ओटीपी नाही.

कंपनीला मेल केला, तर उत्तर वकिलाचं आलं! दोष नाहीच म्हणे, आणि बाहेर बोललात तर अब्रूनुकसानीचा दावा लावू. लिंका अजून तशाच चालू आहेत आणि आता गुऱ्हाळं पेटतील.

शोधताना अमेरिकेचा एक कायदा सापडला. वाय-टू-केच्या (सन २००० लागताना कॉम्प्युटर तारखा चुकवतील, त्या गोंधळाच्या) वेळी दाव्यांच्या भीतीने तिथल्या कंपन्या तोंड उघडेनात, म्हणून १९ ऑक्टोबर १९९८ ला क्लिंटननी त्यावर सही केली. वाय-टू-केबद्दल दिलेली माहिती पुढे चुकीची निघाली, तरी ती खोटी आहे हे ठाऊक असून दिली किंवा बेफिकिरीने ठोकून दिली, हे दावा करणाऱ्याने सिद्ध करायचं. बदनामीच्या दाव्यालाही तेच. पण तो कायदा त्या एका प्रश्नापुरता होता.

आपल्याकडे असं काही आहे का? भारतीय न्याय संहितेच्या बदनामीच्या कलम ३५६ मध्ये लोकहितासाठी सांगितलेल्या खऱ्या गोष्टीला अपवाद आहे, पण तो सिद्ध होईपर्यंत हेलपाटे माझेच. हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं म्हणून तिथवर जायची हौस नाही राव.

खरी भीती आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ ची आहे. नंबर बदलून बघितला तो अडत्याच्या सांगण्यावरून, त्याच्याच दुकानात, पण उघडली भलत्याच दुकानाची पट्टी. हा विनापरवाना प्रवेश धरतील का? ६६ ला 'अप्रामाणिकपणे' लागतं, ते इथे कुठे बसतं?

सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) आधी कळवलं तर माझी बाजू भक्कम होते का? आणि अडत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कंपनीचं नाव न घेता 'तूर्त लिंक पाठवू नका, कागदी पट्टी द्या' एवढंच टाकलं तर चालेल ना?

'वकील गाठ' एवढंच सांगणार असाल, तर सायबरमधला गाठायचा कसा तेही लिहा.