पाच वर्षांत बॅटरी किती उतरते? पुण्याची फेरी आता धाकधुकीची

मुलुंडचा_पांडू:
इलेक्ट्रिक गाडी पाचव्या वर्षात, ६१,००० किमी. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी, ३० युनिटची. नवी होती तेव्हा मुलुंडहून कोथरूडला पोचलो की ३० टक्के शिल्लक असायचे. गेल्या रविवारी ११. खंडाळ्याच्या चढावर टक्के असे गळायला लागले की बायकोने न विचारता एसी बंद केला आणि मागे आई पदराने वारा घेत बसली. पूर्ण चार्जवर पूर्वी २३० किमी जायची, आता जेमतेम १८५. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, "एवढं होतंच साहेब." लेखी मागितलं की टाळतो. बॅटरी खरंच वीस टक्के गेली का?

घाटातला:
चढाचा राग बॅटरीवर काढू नका. खोपोली ते लोणावळा साधारण साडेपाचशे मीटर चढ आहे. माणसं धरून सतराशे किलोची गाडी नुसती वर उचलायलाच अडीच युनिट जातात, म्हणजे तुमचे आठ टक्के. येताना त्यातले बरेचसे रिजेनमधून, म्हणजे उतारावर मोटरच वीज बनवून बॅटरीत भरते त्यातून, परत मिळतात. टायर कधी बदललेत?

सेलवाला:
रोज ८० टक्क्यांवर प्लग काढता का? एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, टक्के अंदाजाने सांगतं. महिनोन् महिने १०० केलं नाही तर तो अंदाज भरकटतो. आधी एकदा पूर्ण भरा. मग १० पर्यंत उतरवून, घरच्याच १५ अँपिअरच्या प्लगवर १०० करा आणि मीटर वाचा. नवी असतानाचं असं एखादं रीडिंग मिळालं तर तुलना सोपी. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज दोन्ही वेळी साधारण तेवढीच.

वॉरंटी बहुधा ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी असते, पण किती टक्क्यांखाली गेल्यावर बदलून देणार ते कागदावर बघा. आणि एसओएचचा, म्हणजे बॅटरीची मूळ क्षमता किती टक्के उरली त्याचा, रिपोर्ट ईमेल करून मागा. तोंडी उत्तराला काही अर्थ नाही.

डोंबिवली_फास्ट:
एनएमसीवाल्यांनी (निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी असलेल्यांनी) हे वाचून रोज १०० करू नका हं. भरलेली बॅटरी उन्हात दिवसेंदिवस उभी राहिली की न चालवताही म्हातारी होते. माझी तशीच झाली, लॉकडाउनमध्ये.

मुलुंडचा_पांडू:
रीडिंग मिळालं! आमची सोसायटी माझ्याकडून युनिटप्रमाणे पैसे घेते, त्यामुळे वॉचमनकाकांच्या वहीत पहिल्या दिवसापासून सगळं लिहिलेलं आहे. एका पानावर चहाचा गोल डाग, त्याच्या शेजारी जून २०२१ ची नोंद: १० ते १००, ३१.२ युनिट. टक्के त्यांनीच विचारून लिहिलेले, देव त्यांचं भलं करो. काल रात्री तसंच भरलं, सकाळी २७.१. म्हणजे तेरा टक्के गेले, वीस नाही. माझ्या वॉरंटीत ७० टक्क्यांची अट आहे, तिथे काही मिळायचं नाही.

उरलेलं टायरमध्येच असणार. गेल्या दिवाळीत स्वस्तातले टाकले होते, हवा बघितली तर २७! दारावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलंय.

सेक्रेटरींनीही वही चाळली. विचारत होते, "युनिट कमी येतायत हल्ली, बाहेर कुठे चार्ज करता का?"